लिहिणे आत, वाचणे बाहेर

बेडकाच्या अंडपेशीचे केंद्रक नुसत्या डोळ्यांनी दिसते आणि ते हाताने बाहेरही काढता येते. प्रयोगशाळांत यासाठी झेनोपस नावाचा आफ्रिकी बेडूक पाळतात. त्याच्या मादीच्या अंडाशयातली पूर्ण वाढलेली अंडपेशी सव्वा मिलिमीटर व्यासाची असते, अर्धी गडद तपकिरी आणि अर्धी फिकट पिवळी. केंद्रक गडद बाजूला, पृष्ठभागाच्या खाली असते. पेशी क्षारांच्या द्रावणात ठेवायची, सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या गडद टोकाला बारीक सुईने टोचायचे आणि दोन चिमट्यांनी अलगद दाबायचे. आधी थोडा बलक येतो, मग त्या बलकात लडबडलेला सुमारे ०.४ मिलिमीटरचा गोळा भोकातून घरंगळत बाहेर पडतो. बारीक काचनळीत त्याला दोन-चारदा आत-बाहेर केले की बलक धुतला जातो आणि स्वच्छ, पारदर्शक केंद्रक हाती लागते. चिमट्याने त्याचे आवरण फाडता येते, आतला ऐवज काढून टाकता येतो आणि रिकामे आवरण धातूच्या बारीक जाळीवर पसरता येते.

हॅरल्ड कॅलन आणि एस. जी. टॉमलिन यांनी १९५० साली उभयचरांच्या अंडपेशींतले असे आवरण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. रॉबर्ट ब्राउनने ऑर्किडच्या पेशींत केंद्रक पाहून त्याला नाव दिले ते १८३१ साली. त्यानंतर एकशेवीस वर्षे केंद्रकाची कड म्हणजे फक्त एक रेघ होती, कारण प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला त्याहून बारीक काही दिसत नाही. कॅलन आणि टॉमलिन यांना त्या रेघेत दोन थर दिसले, आणि त्यातल्या एका थरावर दाटीवाटीने, पण शिस्तीत मांडलेली गोल छिद्रे. दुसरा थर त्यांना अखंड वाटला. ही शंका फिटली ती मायकेल वॉटसन यांच्या कामातून. त्यांनी १९५५ मध्ये पेशींचे अतिपातळ काप घेऊन आवरण आडवे पाहण्याऐवजी उभे छेदून पाहिले. छिद्रे दोन्ही थरांतून आरपार होती.

या छिद्रांची कड समजली की सगळी रचना डोळ्यांपुढे उभी राहते. दुपदरी कापडाला काज पाडले की दोन्ही पदरांच्या कडा एकत्र शिवून घेतात, म्हणजे मधली पोकळी उघडी पडत नाही. केंद्रकावरणातल्या प्रत्येक छिद्राशी बाहेरचे पटल असेच वळून आतल्या पटलाला मिळालेले असते. प्रत्येक पटल स्निग्ध रेणूंचे, जेमतेम सात नॅनोमीटर जाडीचे. दोहोंमधली पोकळी ३० ते ५० नॅनोमीटरची. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. वॉटसन यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. बाहेरचे पटल केंद्रकाशी संपत नाही. ते पेशीद्रव्यात पसरलेल्या आंतर्द्रव्यजालिकेशी सलग आहे, आणि तिच्यासारखेच त्याच्याही अंगावर प्रथिने बनवणारे रायबोझोम चिकटलेले असतात. म्हणजे केंद्रकावरण हा जालिकेचाच एक भाग, डीएनएभोवती गुंडाळला गेलेला.

शालेय पुस्तकांत या आवरणाचे काम 'केंद्रकाचे संरक्षण' असे एका ओळीत उरकलेले असते. मला ते उत्तर अपुरे वाटते. जीवाणूंना केंद्रकच नसते. त्यांचा डीएनए पेशीद्रव्यात मोकळा असतो आणि तरी ते तीन अब्जांहून अधिक वर्षे या पृथ्वीवर सुखाने नांदत आले आहेत. नुसत्या सुरक्षेसाठी एवढा खटाटोप करण्याची गरज नव्हती. आवरणाने खरे काय केले, हे जीवाणूच्या पेशीत प्रथिन कसे तयार होते ते पाहिले की कळते.

जीवाणूत जनुकाची आरएनए-प्रत निघू लागते आणि ती पुरी होण्याच्या आतच रायबोझोम तिच्यावर चढून प्रथिन बनवायला लागतात. ऑस्कर मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० मध्ये हे दृश्य इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली टिपले. त्या चित्रात डीएनएचा लांब धागा दिसतो, त्याच्यापासून फुटलेले, पुढे पुढे लांब होत गेलेले आरएनएचे फाटे दिसतात, आणि प्रत्येक फाट्यावर ओळीने बसलेले रायबोझोम. लिहिणारा आणि वाचणारा एकाच कागदावर एकाच वेळी काम करत आहेत. यात वेग आहे. जीवाणू वीस मिनिटांत दुप्पट होऊ शकतो, त्यामागे ही घाईही आहे.

आपल्या पेशींना ही घाई परवडणारी नाही, कारण आपली जनुके सलग लिहिलेली नसतात. १९७७ साली फिलिप शार्प आणि रिचर्ड रॉबर्ट्स यांच्या गटांनी स्वतंत्रपणे दाखवले की जनुकातला कामाचा मजकूर तुकड्यातुकड्यांत विखुरलेला असतो आणि मधे मधे प्रथिनाशी संबंध नसलेले लांबच लांब भाग असतात. या मधल्या भागांना इंट्रॉन म्हणतात. या शोधाला १९९३ चे नोबेल मिळाले. डिस्ट्रोफिन या स्नायूतल्या प्रथिनाचे जनुक पाहा. त्याची लांबी २२ लाख अक्षरांच्या आसपास आहे. त्यातले कामाचे तुकडे ७९, आणि ते जोडून होणारा अंतिम संदेश फक्त १४ हजार अक्षरांचा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत या जनुकाची एक प्रत निघायला सोळा तास लागतात. ती निघत असतानाच रायबोझोम तिच्यावर चढले, तर ते इंट्रॉनचाही मजकूर प्रथिनाचाच समजून वाचत सुटतील. इंट्रॉनमध्ये 'इथे थांबा' अशा अर्थाच्या खुणा जागोजागी असतात, तेव्हा काम अर्ध्यावर थांबेल आणि पेशीत तुटक्या, निरुपयोगी प्रथिनांचा ढीग साचेल.

म्हणून आधी कापणे आणि जोडणे पूर्ण व्हायला हवे, वाचन त्यानंतर. आवरण नेमके हेच साधते. प्रत आत निघते, आत साफ होते, दोन्ही टोकांना रासायनिक टोपी आणि शेपूट लागते, तिच्यावर तयारीची खूण ठरणारी प्रथिने बसतात, आणि मगच ती छिद्रातून बाहेर, रायबोझोमांच्या हद्दीत येते. विल्यम मार्टिन आणि यूजीन कूनिन यांनी २००६ मध्ये असे मत मांडले की केंद्रकावरण उत्क्रांत झाले तेच मुळी या कारणासाठी. आपल्या पूर्वज पेशीत तंतुकणिकेच्या पूर्वजाबरोबर इंट्रॉनांचा लोंढा आला, त्यांची छाटणी संथ होती, आणि त्या संथ कामाला उसंत मिळवून देणारी आडकाठी ज्या पेशीला लाभली ती टिकली. हा तर्क आहे. दोन अब्ज वर्षांपूर्वीच्या मऊ पटलांचे जीवाश्म कुठून मिळणार? पण आवरणाच्या उगमाबद्दल जे तर्क मांडले गेले त्यांत मला हा सर्वांत सकस वाटतो, कारण तो आवरणाकडे भिंत म्हणून पाहत नाही. त्याच्या लेखी आवरण म्हणजे लिहिणे आणि वाचणे यांच्यामध्ये ठेवलेला अवकाश आहे.

आडकाठी घातली की दळणवळणाचा प्रश्न येतोच. पेशीतली जवळपास सगळी प्रथिने बाहेर बनतात, पण त्यांतली बरीच लागतात आत. डीएनएची नक्कल करणारी, तो दुरुस्त करणारी आणि त्याला गुंडाळून ठेवणारी प्रथिने ही सगळी आत हवीत. उलट आरएनए बनतो आत आणि तो हवा असतो बाहेर. रायबोझोमचा प्रवास तर दुहेरी आहे. त्याची प्रथिने बाहेर बनून आत येतात, केंद्रकातल्या केंद्रिका नावाच्या भागात आरएनएशी जुळणी होते आणि अर्धे अर्धे रायबोझोम पुन्हा बाहेर पाठवले जातात. डीएनएची नक्कल चालू असते तेव्हा तो गुंडाळायला दर तीन मिनिटांना सुमारे दहा लाख हिस्टोन प्रथिने आत यावी लागतात. सस्तन प्राण्याच्या एका केंद्रकाला साधारण तीन-चार हजार छिद्रे धरली, तर प्रत्येक छिद्रातून मिनिटाला शंभराच्या घरात हिस्टोन, आणि तेही एवढ्या एकाच मालाचे.

यातले प्रत्येक छिद्र म्हणजे एक अवाढव्य यंत्र आहे. रुंदी सुमारे १२० नॅनोमीटर, सुमारे ३० प्रकारची प्रथिने, पण प्रत्येकाच्या अनेक प्रती धरून एकूण हजारभर रेणू. वजनाने ते आपल्या रायबोझोमच्या पंचवीसपटीहून अधिक भरते. जोसेफ गॉल यांनी १९६७ मध्ये दाखवले की त्याची मांडणी अष्टकोनी आहे, आठ सारखे भाग वर्तुळात बसवलेले. त्याची जवळपास संपूर्ण त्रिमितीय रचना मात्र हाती यायला २०२२ साल उजाडले. गोठवलेल्या नमुन्यांचे इलेक्ट्रॉन चित्रण आणि प्रथिनांचे आकार वर्तवणारे संगणकी कार्यक्रम एकत्र आले तेव्हा ते जमले.

छिद्राच्या मधल्या मार्गात दार नाही, झडपही नाही. तिथे सैल, लवचिक प्रथिनांचे धागे दाटीने लोंबत असतात. फिनाइलॲलनिन आणि ग्लायसिन या दोन अमिनो आम्लांची जोडी त्यांच्यावर पुन्हा पुन्हा येते. लहान रेणू या गर्दीतून सहज निसटतात. वजन ४० हजार डाल्टनच्या आसपास गेले की अडथळा वाढत जातो, आणि त्याहून मोठ्या प्रथिनाला एकट्याने जाता येत नाही. त्याला इम्पोर्टिनसारखा वाहक लागतो, ज्याला या धाग्यांशी क्षणभर चिकटत आणि सुटत पुढे सरकता येते. हे धागे एकमेकांत गुंतून जेलीसारखे घट्ट होतात की मोकळेच हलत राहतात, यावर संशोधकांमध्ये अजून वाद आहे. वेगाबद्दल मात्र वाद नाही. एका छिद्रातून सेकंदाला हजारापर्यंत रेणू जाऊ शकतात, आणि एकाच वेळी दोन्ही दिशांनी.

कोणाला आत घ्यायचे हे ठरते कसे? या प्रश्नाची उकल ज्या प्रयोगांनी केली ते माझ्या मते जीवशास्त्रातल्या सर्वांत देखण्या प्रयोगांत मोडतात, म्हणून थोडे तपशिलात जातो. केंब्रिजमध्ये रॉन लॅस्की आणि कॉलिन डिंगवॉल झेनोपसच्या अंडपेशीतल्या न्यूक्लिओप्लाझ्मिन या प्रथिनावर काम करत होते. हे प्रथिन पाच सारख्या घटकांचे असते आणि प्रत्येक घटकाला एक शेपूट असते. अंडपेशीच्या पेशीद्रव्यात टोचले की ते केंद्रकात जाऊन जमा होते. १९८२ मध्ये त्यांनी विकराने या शेपट्या छाटल्या. बिनशेपटीचा गाभा आकाराने लहान झाला होता, तरी तो बाहेरच राहिला. नुसत्या शेपट्या टोचल्या तर त्या आत गेल्या. मग त्यांनी चार, तीन, दोन आणि एक शेपूट उरलेले गाभे वेगळे केले. एक शेपूट असलेलासुद्धा आत गेला, फक्त सावकाश. तेव्हा प्रवेशाचा परवाना आकारात नाही, शेपटावर लिहिलेला आहे, हे उघड झाले.

दोनच वर्षांनी दोन गोष्टी घडल्या. माकडात सापडणाऱ्या एसव्ही-४० या विषाणूच्या एका प्रथिनात हा परवाना अवघ्या सात अमिनो आम्लांचा असल्याचे दिसून आले. त्यांतली पाच धनभारित आहेत. त्यातले एकच लायसिन बदलले की तेच प्रथिन केंद्रकाबाहेर अडकून पडते. आणि कार्ल फेल्डहेर यांनी सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांना न्यूक्लिओप्लाझ्मिनचा लेप देऊन ते अंडपेशीत टोचले. सोने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली काळेकुट्ट दिसते. थोड्या वेळाने पेशींचे काप घेतले, तर काळे ठिपके छिद्रांच्या बरोबर मध्यातून रांगेने आत चाललेले. दुसऱ्या लेपाचे कण मात्र आत शिरले नव्हते.

आत जाणे आणि बाहेर येणे यांतला फरक वाहकाला कळतो तो रॅन या छोट्या प्रथिनामुळे. त्याचे एक रूप केंद्रकात भरपूर असते, कारण ते रूप तयार करणारे विकर गुणसूत्रांनाच चिकटून बसलेले असते. ते रूप मोडणारे विकर बाहेर असते. वाहक माल घेऊन आत आला की आतला रॅन त्याला पकडतो आणि माल सुटतो. छिद्रातून सरकण्यासाठी वेगळी ऊर्जा लागत नाही. ऊर्जा खर्च होते ती आत आणि बाहेर यांच्यातला हा फरक कायम राखण्यात.

आतापर्यंत छिद्रांबद्दल बोललो. आता आतल्या पटलाला लागून असलेल्या जाळीकडे वळू, कारण आवरणाशी संबंधित माणसांचे आजार बहुतेक तिथून सुरू होतात. लॅमिन नावाच्या प्रथिनांच्या धाग्यांची ही पातळ जाळी केंद्रकाला आकार आणि ताठपणा देते. साधारण दोन मीटर डीएनए काही मायक्रोमीटरच्या केंद्रकात असतो, आणि त्याचा शांत ठेवलेला बराचसा भाग याच जाळीला टेकलेला असतो. भारतात या क्षेत्रात दीर्घकाळ काम झाले ते हैदराबादच्या सेंटर फॉर सेल्युलर अँड मॉलिक्युलर बायॉलॉजीत, वीणा पारनाईक यांच्या प्रयोगशाळेत. लॅमिनांतले दोष आणि स्नायूंचे आजार यांचा संबंध हा त्यांच्या अभ्यासाचा एक मोठा भाग होता.

२००९ साली आर. बाल्कींचा 'पा' आला आणि प्रोजेरिया हा शब्द आपल्याकडे घरोघरी पोहोचला. अमिताभ बच्चन यांनी त्यात हा आजार असलेल्या मुलाची भूमिका केली होती. जोनाथन हचिन्सन यांनी १८८६ मध्ये या आजाराचे पहिले वर्णन केले. त्यांचे आणि हेस्टिंग्ज गिल्फर्ड यांचे नाव त्याला आहे. सुमारे चाळीस लाख जन्मांमागे एक मूल. जन्मतः ते इतर बाळांसारखेच दिसते, पहिल्या-दुसऱ्या वर्षात वाढ खुंटते, केस जातात, त्वचा पातळ होते, सांधे आखडतात, रक्तवाहिन्या कडक होतात. उपचारांविना सरासरी आयुष्य साडेचौदा वर्षांचे, आणि शेवट बहुधा हृदयविकाराने.

लेस्ली गॉर्डन आणि स्कॉट बर्न्स हे अमेरिकेतले डॉक्टर दांपत्य. त्यांचा मुलगा सॅम याला हा आजार असल्याचे १९९८ मध्ये कळले, तेव्हा या आजाराचे जनुक माहीत नव्हते आणि त्यावर संशोधनही जवळजवळ चालू नव्हते. पुढच्याच वर्षी त्यांनी प्रोजेरिया रिसर्च फाउंडेशन उभे केले. २००३ मध्ये फ्रान्सिस कॉलिन्स यांच्या गटाने, ज्यात लेस्ली गॉर्डनही होत्या, आणि फ्रान्समधल्या एका गटाने स्वतंत्रपणे दोषी जनुक शोधले. ते लॅमिन-ए या प्रथिनाचे निघाले.

त्यातला दोष इतका लहान आहे की तो वाचून मन विषण्ण होते. जनुकात एका ठिकाणी सी या अक्षराच्या जागी टी आलेला असतो. त्या तीन अक्षरांचा अर्थ दोन्ही वेळा एकच, ग्लायसिन. वरवर पाहता प्रथिनात काहीच बदलायला नको. पण त्या एका अक्षराने तिथे इंट्रॉनच्या कडेसारखी खूण तयार होते, छाटणी करणारे यंत्र फसते आणि संदेशातून १५० अक्षरे जास्तीची कापली जातात. प्रथिनाची ५० अमिनो आम्ले गळतात. आवरणामुळे मिळालेल्या उसंतीत जे काम व्हायचे, त्याच कामात ही चूक घडते. लॅमिन-ए तयार होताना त्याच्या टोकाला फार्नेसिल नावाचा स्निग्ध गट जोडला जातो, जो त्याला आतल्या पटलापाशी नेतो. मग एक विकर ते टोक कापते आणि प्रथिन जाळीत मोकळे होते. गळालेल्या ५० आम्लांत नेमकी हीच कापण्याची जागा असते. त्यामुळे प्रोजेरिन नावाचे हे बिघडलेले प्रथिन पटलाला कायमचे चिकटून राहते, जाळी विस्कटते आणि एरवी गोल-गुळगुळीत असणाऱ्या केंद्रकावर फुगवटे आणि सुरकुत्या दिसू लागतात.

कारण कळले तशी औषधाची दिशाही दिसली. लोनाफार्निब हे मुळात कर्करोगासाठी घडवलेले औषध फार्नेसिल जोडणारे विकर रोखते. नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेत त्याला प्रोजेरियासाठी मान्यता मिळाली. दीर्घकाळ घेतलेल्या मुलांचे आयुष्य सरासरी अडीच वर्षांनी वाढल्याचे आढळले आहे. साडेचौदा वर्षांत मिळालेली ही अडीच वर्षे थोडी नाहीत. २०२१ मध्ये कॉलिन्स आणि डेव्हिड लियू यांच्या गटांनी प्रोजेरिया असलेल्या उंदरांत ते एक अक्षरच दुरुस्त केले, आणि ते उंदीर दुपटीहून अधिक काळ जगले. सॅम २०१४ च्या जानेवारीत, सतराव्या वर्षी गेला. औषधाच्या पहिल्या चाचणीत तो सहभागी होता.

या मुलांची बुद्धी मात्र तल्लख राहते, आणि त्याचेही उत्तर या जाळीत आहे. मेंदूतल्या चेतापेशींत एक सूक्ष्म आरएनए लॅमिन-ए जवळजवळ बनूच देत नाही, म्हणून प्रोजेरिनही तिथे साचत नाही. हाडे, स्नायू, हृदय अशा ताण सोसणाऱ्या ऊतींत लॅमिन-ए भरपूर असते, मेंदूसारख्या मऊ ऊतींत कमी. म्हणूनच याच जनुकातले इतर दोष स्नायूंचा ऱ्हास आणि हृदयाच्या ठोक्यांचे विकार घडवतात.

लॅमिन-ए कमी असण्याचा फायदा कोणाला होतो, हे पाहायला पॅथॉलॉजी लॅबमधली लीशमन रंगाची रक्ताची काचपट्टी पुरे. गुलाबी तांबड्या पेशींच्या गर्दीत एखादी न्यूट्रोफिल दिसते, आणि तिचे जांभळे केंद्रक तीन-चार पाकळ्यांचे, पाकळ्या बारीक धाग्यांनी जोडलेल्या. रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या फटीतून अंग चोरून जखमेकडे धावायचे तर केंद्रक असेच हवे, वाटेल तसे दुमडणारे. काही घराण्यांत मात्र या पेशींचे केंद्रक दोनच पाकळ्यांचे असते. त्याला पेल्गर-ह्यूए दोष म्हणतात. आतल्या पटलावरच्या, लॅमिनाला धरून ठेवणाऱ्या एका प्रथिनाच्या जनुकात हा दोष आहे, हे २००२ मध्ये कळले. जनुकाची एकच प्रत सदोष असलेली माणसे ठणठणीत असतात. फक्त रक्त तपासणाऱ्याला हे ठाऊक नसेल, तर तो या पेशींना अपक्व समजून तीव्र संसर्गाची शंका घेऊ शकतो.

अरुंद जागेतून घुसणाऱ्या पेशींचे केंद्रकावरण कधी कधी फाटते. २०१६ मध्ये दोन गटांनी हे जिवंत पेशींत पाहिले आणि त्याच वेळी पेशी ती फट प्रथिनांच्या साहाय्याने सांधते, हेही. पेशीविभाजनात तर आवरण मुद्दाम मोडले जाते. लॅमिनांवर फॉस्फेट चढते, जाळी विरघळते, पटले जालिकेत मागे ओढली जातात, आणि गुणसूत्रे वाटली गेल्यावर दोन्ही लेकपेशींत आवरण पुन्हा उभे राहते. उलट ज्या चेतापेशी आयुष्यात पुन्हा विभागत नाहीत, त्यांच्या छिद्रांतली काही प्रथिने वर्षानुवर्षे बदललीच जात नाहीत. उंदरांच्या मेंदूत ती वर्षभराहून जुनी सापडली आहेत.

मग विषाणूंचे काय? ज्यांना डीएनएपर्यंत पोहोचायचे आहे त्यांना या आवरणाशी गाठ घालावीच लागते. काही विषाणू पेशी विभागण्याची वाट पाहतात. एचआयव्ही थांबत नाही. त्याचे शंकूसारखे कवच सुमारे ६० नॅनोमीटर रुंद असते आणि बरीच वर्षे समज होता की ते छिद्रात मावणार नाही, म्हणून बाहेरच फुटत असावे. जिवंत पेशींत छिद्रे वाटली त्यापेक्षा रुंद असतात आणि अख्खे कवच त्यातून जाते, हे २०२१ मध्ये चित्रासह दिसले. लेनाकॅपाविर हे नवे औषध याच कवचाला चिकटते, आणि ज्या पायऱ्या ते रोखते त्यांत केंद्रकात शिरणे ही एक आहे. वर्षातून दोनदा टोचायचे हे औषध दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या २,१३४ तरुणींना प्रतिबंधासाठी देण्यात आले, आणि २०२४ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा त्यांच्यापैकी एकीलाही एचआयव्हीची लागण झालेली नव्हती.

२०२१ च्या उन्हाळ्यात लसीने माणसाचा डीएनए बदलतो अशी भीती आपल्याकडे मोबाईलमोबाईलवर फिरत होती. तिचे उत्तर लसीगणिक वेगळे आहे, आणि ते या आवरणावरच अवलंबून आहे. पुण्याच्या जिनोव्हा कंपनीच्या, २०२२ मध्ये मान्यता मिळालेल्या लसीत एमआरएनए आहे. त्याला केंद्रकात जाण्याचे कारणच नाही, त्याचे वाचक बाहेर आहेत. शिवाय आरएनएचा डीएनए करायला वेगळे विकर लागते, ते त्या लसीत नाही. अहमदाबादच्या झायडस कंपनीची झायकोव्ह-डी ही डीएनएची लस. तिचा डीएनए केंद्रकात पोहोचल्याशिवाय काहीच घडत नाही, आणि बहुतेक रेणू पोहोचत नाहीत. तिच्या एका मात्रेत दोन मिलिग्रॅम, म्हणजे २,००० मायक्रोग्रॅम डीएनए असतो आणि फायझरच्या लसीत ३० मायक्रोग्रॅम एमआरएनए, या तफावतीमागचे एक मोठे कारण केंद्रकाचे आवरण हे आहे. कोव्हॅक्सिनमध्ये निष्क्रिय केलेला अख्खा विषाणू होता, त्याला केंद्रकाशी देणेघेणे नव्हते.

आणि देशात सर्वाधिक टोचली गेलेली, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनलेली कोव्हिशील्ड? तिच्यात चिंपांझीचा, वाढू न शकणारा ॲडिनोव्हायरस होता. ॲडिनोव्हायरसचे ९० नॅनोमीटरचे कवच छिद्रात मावत नाही. ते छिद्राच्या बाहेरच्या तोंडाशी असलेल्या एका प्रथिनाला येऊन चिकटते, तिथेच फुटते आणि आतला डीएनए छिद्रातून केंद्रकात ओढला जातो. तिथे तो आपल्या गुणसूत्रांत न मिसळता वेगळाच राहतो. त्याच्यावरून निघालेले संदेश त्याच छिद्रांतून बाहेर येतात, पेशीद्रव्यातले रायबोझोम ते वाचून करोनाच्या काटेरी प्रथिनाची निर्मिती करतात, आणि काही आठवड्यांत प्रतिकारसंस्था ते प्रथिन बनवणाऱ्या पेशींचा निकाल लावते.